एक्केचाळीस नंबरचा सदरा

बाळकृष्णरावांना बसलेलं पाहायचं असेल तर त्यांच्या लग्नाचा फोटो काढावा लागे. त्यातही ते खुर्चीच्या कडेला असे टेकले आहेत, की फोटो निघाला रे निघाला की उठून पंगतीत कोण जेवायचं राहिलंय ते बघायला जातील. एरवी घरात, ओट्यावर, स्टेशनात, हा माणूस कायम उभा. जेवायचेसुद्धा उभ्याउभ्याच, आणि त्यांच्या पत्नी मीनाक्षीकाकू ताट हातात घेऊन त्यांच्या मागे फिरायच्या.

चेन्नईच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर एका लहानशा स्टेशनात ते स्टेशन मास्तर होते. २००६ साली त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मी तिरुवोट्टियूरला त्यांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो. मी उन्मेष, मूळचा सांगलीचा, तेव्हा सत्तावीस वर्षांचा, गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर. म्हणजे माणसांची भरती, हजेरी आणि गणवेश बघणारा. डोक्यात हवा भरपूर होती.

बाळकृष्णरावांचं घराणं मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरला गेलेलं. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, हेल मात्र तमिळ. पहिल्या दिवशी "आपण कोठोन आलां? भोजन झालें कां?" असं त्यांनी विचारलं तेव्हा हा म्हातारा आपली थट्टा करतोय अशी माझी खात्रीच पटली. मग त्यांनी माझं नाव विचारलं, वडलांचं विचारलं, गाव, गावातली गल्ली. नोकरीच्या मुलाखतीतही मला इतके प्रश्न आले नव्हते. भारीच चौकस दिसतंय ध्यान, असं मी मनात म्हटलं.

पुढे कळलं की ते सगळ्यांनाच विचारत. फलाटावर शेंगा विकणारी बाई, झाडूवाला, रुळांचे बोल्ट आवळणारे गँगमन, सगळ्यांची नावं त्यांना गावासकट पाठ. "अरे", "ए" अशी हाक त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. नाव माहीत नसेल तर आधी जाऊन नाव विचारायचे आणि मगच काम सांगायचे. गाडी यायच्या घाईत ह्याची गंमत वाटायची, कधी रागही यायचा.

त्या वर्षी ऑगस्टात, एका मंगळवारी सकाळी, त्यांच्या स्टेशनापासून थोड्या अंतरावर रूळ ओलांडणारा एक माणूस एक्सप्रेसखाली गेला. वसाहतीत पायी जाणारे बरेचजण तिथूनच जात. मृतदेह सरकारी इस्पितळाच्या शवागारात गेला. खिशात काही नव्हतं. रेल्वे पोलिसांनी कागद केला: वय अंदाजे पंचवीस, करडा सदरा, "पेर तेरियाद आळ", म्हणजे नाव माहीत नसलेला माणूस. शुक्रवारी सकाळी दहापर्यंत कोणी आलं नाही तर बेवारस म्हणून पुरून टाकणार होते.

संध्याकाळी मी कामावरून आलो तर बाळकृष्णराव जिन्याच्या तोंडाशी उभे. हातात करड्या कापडाची चिंधी. रुळाच्या बोल्टात अडकून राहिली होती ती त्यांनी उचलून आणली होती.

"उन्मेषराव, हें कापड तुमचे कारखान्याचें कां? बघून सांगा पाहूं."

मी चिंधी हातात घेतली. ते कापड मी ओळखलं. ओळखणारच, कारण ते मीच निवडलं होतं. आमच्या कायम कामगारांना निळा सदरा, खिशावर पिवळ्या दोऱ्याने नाव भरलेलं. ठेकेदाराच्या माणसांना करडा सदरा आणि खिसा कोरा. ही माणसं आज आहेत, उद्या नाहीत, नावं कशाला भरायची, असं मीच टिपणात लिहिलं होतं आणि मीटिंगमध्ये त्याबद्दल शाबासकीही मिळवली होती.

"करडे सदरे चार-पाच कारखान्यांत असतात," मी म्हणालो. "उद्या विचारून बघतो."

"सरि, बरें," ते म्हणाले. "आणखी एक. त्याचे सदऱ्याचे कॉलरींत लाल दोऱ्याने एक्केचाळीस घातलें आहे. पोलीस म्हणतात धोब्याची खूण."

बुधवारी मी ठेकेदाराला विचारलं. त्याने हजेरीपत्रक पुढे केलं. चौसष्टच्या चौसष्ट हजर. मी ते पत्रक पाहिलं, शेडमध्ये जाऊन माणसं मात्र मोजली नाहीत. नावं तरी मला कुठे ठाऊक होती, मोजून करणार काय? माझे वरिष्ठ कृष्णकांत फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "फाटकाच्या बाहेर घडलंय ना? मग आपला नाही. उगाच खाजवून खरूज काढू नका." मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, खरोखरच हायसं वाटलं.

घरी येऊन मी सांगितलं, "आमचा नाही."

बाळकृष्णरावांनी मान हलवली. वाद घातला नाही. मी वर जाऊन आडवा झालो, आणि खाली त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. ओट्यापासून मागच्या दारापर्यंत, मागच्या दारापासून ओट्यापर्यंत. शेवटी मीच खाली उतरलो. काकू तांदूळ निवडत होत्या.

"काका असेच का हो?" मी विचारलं. "जरा टेकत का नाहीत?"

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "पंचवीस वर्षें झालीं. अरक्कोणमकडे नवे नवे लागले होते. असाच एक मनुक्ष गाडीखालीं गेला. ह्यांनीच कागद लिहिला, नांव माहीत नाहीं म्हणून. आठां महिन्यांनी त्याची बायको फोटो घेऊन आली. ह्यांनी तोंड ओळखलें. ती पुसते, कोठें पुरलें तें तरी दाखवा. कोणास ठाऊक! ती दिवसभर फलाटावर बसून राहिली, ह्यांचे समोर. तेव्हांपासोन ह्यांस बसवत नाहीं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचा मला संताप आला. माझा काय संबंध? मी काय गाडी चालवत होतो?

गुरुवारी आमच्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टी असे. बाळकृष्णराव रजा टाकून, चिंधी पाकिटात घालून निघाले.

"कुठे?" मी विचारलं.

"शिंप्यांकडे. धोबी शाईने खूण करतो. दोऱ्याने घालतो तो शिंपी."

इतकी साधी गोष्ट पोलिसांच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही. मी चपला घालून त्यांच्यामागे निघालो. का, ते आजही धड सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं एवढं खरं. आणि सदरे शिवायला कुठे दिले होते ते मला चांगलं माहीत होतं. ऑर्डरचं पत्र माझ्याच सहीने गेलं होतं. दुकान पाहिलं नव्हतं, पण पत्ता मी गाडीतच सांगू शकलो असतो. सांगितला नाही. गुम्मिडिपूंडीच्या बाजारात सहा दुकानं त्या माणसाच्या मागे उन्हातून फिरलो आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. सहाव्या दुकानातून बाहेर पडताना बाळकृष्णराव पायरीवर अडखळले. मी दंड धरला. घामाने भिजलेला दंड हातातून निसटत होता.

"मंदिरामागे एक राणोजी टेलर आहे," मी म्हणालो.

त्यांनी लगेच मंदिराची वाट धरली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर फार बरं झालं असतं.

राणोजी सत्तरीचा, त्यांच्यासारखाच तंजावरकडचा मराठी. चिंधी बोटांत चोळून त्याने फळीवरून मापाची वही काढली. प्रत्येक ऑर्डरच्या पानावर त्या कापडाचा तुकडा टाचणीने लावलेला. करडा तुकडा सापडला. शेजारी चिंधी ठेवली. एकच कापड.

"हो. चौसष्ट सदरे. हें पाहा त्यांचें पत्र."

पत्र त्याने बाळकृष्णरावांच्या हातात दिलं. मी दुकानाबाहेरच्या सायकलींकडे बघत उभा राहिलो. त्यात काय लिहिलंय ते मला पाठ होतं. ठेका कामगारांसाठी तीन साइजमध्ये सदरे शिवावेत, वैयक्तिक मापांची व नावांची आवश्यकता नाही. खाली माझी सही. बाळकृष्णरावांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि राणोजीला परत दिलं.

"मापें घ्यायची नव्हतीं, तर मग हे आंकडे कशाचे?" त्यांनी वहीकडे बोट दाखवलं.

राणोजी चिडला. "पन्नास वर्षें झालीं शिवतां शिवतां. सदरा शिवायचा तर मापें घ्यायला नकोत? मनुक्ष काय गोणी आहे? मींच निरोप धाडला, सुट्टीचे दिवशीं या म्हणून. आठ-आठ करून आले. सारे सदरे एकसारखे, कोणाचा कोणास जाईल, म्हणून कॉलरांत नंबर घातला. वहींत नंबरासमोर पेर लिहिलें, ऊरु लिहिलें. गांव नको कां?"

त्याने पान उलटलं. तमिळमधल्या बारीक अक्षरांवरून बाळकृष्णरावांचं बोट खाली खाली आलं आणि थांबलं. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"एक्केचाळीस. दयानिधी प्रधान. जिल्हा गंजाम, ओरिसा." पुढे गावाचं आणि जवळच्या स्टेशनाचं नाव. त्याखाली मापं. आणि अगदी कोपऱ्यात: डावा खांदा उतरता. खिसा खोल.

"खिसा खोल कशाला?" मी विचारलं. दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदा माझं तोंड उघडलं होतं.

"वांकल्यावर वस्तु पडतात म्हणाला. भट्टीपुढें वांकायचें काम ना. हंसरा होता."

बाळकृष्णराव तिथून जवळजवळ धावतच स्टेशनात आले. रेल्वेच्या फोनवरून या स्टेशनाला, त्या स्टेशनाला करत त्यांनी गंजामच्या त्या स्टेशन मास्तरला गाठलं आणि घरी निरोप द्यायला माणूस पाठवायला लावला. मग आम्ही पोलिसांकडे गेलो. सब-इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हता. पण शिंप्याच्या वहीवर त्याचा कागद हलेना. सदरा कुणीही कुणाचाही घालतो, म्हणाला. ठेकेदार माणूस हजर दाखवतोय. उद्या दहाच्या आत कारखान्याच्या कुणीतरी लिहून द्यावं की हा आमच्याकडे कामाला होता आणि मंगळवारपासून आलेला नाही. नाहीतर आमचं काम आम्हाला करावं लागेल.

आम्ही घरी आलो. जिन्याशी मीच म्हणालो, "माझी नोकरी जाईल, काका."

"जाईल," ते म्हणाले. अगदी साधेपणाने, कुणी वेळ विचारावी आणि सांगावी तसं. आणि मग ओट्यावर फेऱ्या घालायला लागले. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या, हात जोडले असते, तर मला भांडायला काहीतरी सापडलं असतं.

शुक्रवारी सकाळी सहाच्या पाळीला मी फाटकावर उभा राहिलो. करडे सदरे आत जात होते. जन्मात पहिल्यांदा मी एकेकाला थांबवून कॉलर उलटून बघायला मागत होतो. माणसं घाबरली. मला लाज वाटली, मग मी कॉलर सोडून नावं विचारायला लागलो. ती चटकन सांगितली. दयानिधीच्या नावाचं कार्ड घेऊन एक पोरसवदा माणूस आला. सदरा त्याला ढगळ होत होता आणि ढिल्या कॉलरीत नंबर दिसत नव्हता. नाव विचारल्यावर तो म्हणाला, "दयानिधी." आणि खाली बघायला लागला. बुधवारपासून ठेकेदाराने त्याला तेच नाव सांगायला लावलं होतं.

साडेनऊला मी पोलिसांपुढे लिहून दिलं. दयानिधी प्रधान आमच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. मंगळवारपासून तो आलेला नाही, आणि बुधवारपासून त्याच्या कार्डावर दुसरा माणूस येतो आहे. खाली सही केली, हुद्द्यासकट. महिन्याभरात तो हुद्दा गेला आणि पुढे चेन्नईच्या पार दुसऱ्या बाजूला, इरुंगाट्टुकोट्टैला मला दुसरी, कमी पगाराची नोकरी धरावी लागली. कृष्णकांत म्हणाले, तुम्हाला फार पुढे जायचं होतं ना, जा. पण तो नंतरचा भाग.

शनिवारी दुपारी दयानिधीचा थोरला भाऊ आला. उतारूंच्या गर्दीत बाळकृष्णराव फोनवर विचारून घेतलेलं त्याचं आणि वडलांचं नाव घेऊन हाका मारत फिरले आणि त्याला शोधून काढलं. इस्पितळातलं सगळं उरकलं. भावाने तोंड बघितलं, कागदावर अंगठा दिला. आता ज्या कागदावर "पेर तेरियाद" होतं तिथे नाव होतं.

मग आम्ही इस्पितळाच्या आवारात उभे होतो. सिमेंटचा एक बाक होता. भाऊ मोडक्या हिंदीत माझ्याशी बोलायला लागला. तुम्हीच का ते कारखान्याचे साहेब, ज्यांनी लिहून दिलं? मी हो म्हटलं. तो माझ्या जवळ आला.

"तुम्ही ओळखत होता त्याला?"

बाळकृष्णराव शेजारीच होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. चिंधी, "आमचा नाही", ते पत्र, ती सही.

"हो," मी म्हणालो. आणि एवढ्यावर भागेना म्हणून पुढे म्हणालो, "डावा खांदा जरा उतरता होता त्याचा. हसरा होता."

भावाने माझे दोन्ही हात धरले आणि हंबरडा फोडला. लहानपणी झाडावरून पडला होता, तेव्हापासूनचा तो खांदा, असं तो रडता रडता सांगत राहिला. परक्या मुलखात माझ्या भावाला नीट बघणारं कुणीतरी होतं, असं पुन्हापुन्हा म्हणत राहिला. माझे हात त्याच्या हातात होते आणि मला ते ओढून घेऊन पळून जावंसं वाटत होतं.

बाळकृष्णरावांनी फाटकाजवळच्या चहावाल्याला त्याचं नाव विचारलं, मग त्या नावाने हाक मारून तीन चहा सांगितले. भावाला खांद्याला धरून बाकावर बसवलं. आणि मग ते स्वतः त्याच्या शेजारी बसले. चांगले पाठ टेकून, पाय पसरून बसले. चहा आला तेव्हा त्यांनी मलाही बाकावर जागा करून दिली.

"बसा, उन्मेषराव."

मी ग्लास घेतला आणि उभाच राहिलो.