हौसेराव तोलाराचं खरं वजन

हौसेराव जगदाळे कांदा-बटाटा बाजारात बावीस वर्षं तोलार होता, आणि त्याच्याइतका गोड हाताचा तोलार व्यापाऱ्यांना दुसरा सापडला नसता. गोणी काट्यावर चढली की हा सहज टेकल्यासारखा उभा राही, तिच्याखाली गुडघा सरकवी आणि दोन किलो कांदा कुठल्या कुठे जाई. व्यापारी खूश, हौसेराव खूश. शेतकरी बिचारा नशिबाला बोल लावत गावाकडे परते. हौसेरावाची बायको राजाबाई खटाव तालुक्यातली, कांदा पिकवणाऱ्याची लेक. असल्याच गुडघ्यांनी तिच्या बापाचा कांदा खाल्ला होता. नवऱ्याची ही कला तिला लग्नानंतर कळली आणि त्या दिवसापासून दोघांत जे पेटलं ते कधी विझलंच नाही.

सत्त्याण्णव साली हौसेरावाच्या दोन्ही किडन्या बसल्या. कोपरखैरण्याहून आठवड्यातून दोनदा वाशीच्या एका लहानशा इस्पितळात डायलिसिसला जायचं. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच राही आणि ते मशीननं ओढून काढावं लागे. प्यायला दिवसाला फक्त पाऊण लिटर, त्यातच चहा आणि त्यातच आमटी. पाणी काढून उरेल ते त्याचं कोरडं वजन अठ्ठावन्न किलो. वर जितके किलो भरतील तितके लिटर पाणी काढायचं, असा साधा नियम.

पण साधा नियम पाळेल तो हौसेराव कसला! राजाबाई पिंपावर पाटा ठेवी, तर हा शेजारच्या पंढरीच्या घरी जाऊन तांब्या तोंडाला लावी आणि वर सांगे, "आमची ही मला पान्याला महाग करती." तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणारी बाई म्हणजे कैदाशीणच, असं सगळ्या वसाहतीनं ठरवून टाकलं. पंढरीची आई तर तोंडावर म्हणाली, "नरकात बी जागा न्हाई मिळायची गं तुला." राजाबाईनं तिच्याच दारात तिचा तांब्या आपटला. पोचा पडला तो भरून द्यायला ती काही गेली नाही.

हौसेरावाचं तोंड सुजलं, पाय सुजले, जिना चढताना दम लागू लागला. इस्पितळाच्या वहीत मात्र दर वेळी वजन साठ किलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून दाखवला. "हृदय फुगलंय. अंगातलं जास्तीचं पाणी त्यालाच रेटावं लागतं. असंच चाललं तर एक दिवस थांबेल. वजन तर फार वाढत नाही. बाई, तुम्ही मीठ फार घालता का?"

"घालती," हौसेराव म्हणाला.

राजाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सहा महिने ती स्वतःसुद्धा अळणी गिळत होती. पण वही खरी आणि बाई खोटी ठरली.

पुढच्या खेपेला ती त्याच्या मागोमाग आत घुसली. स्मिता सिस्टर म्हणाली, "मावशी, बाहेर थांबा." मावशी थांबल्या नाहीत. हौसेराव काट्यावर चढला, दमल्यासारखं तोंड केलं आणि डावं कोपर खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलं. काटा साठवर. राजाबाईनं काट्याकडे पाहिलंच नाही. तिनं पुढे होऊन ते कोपर धरलं आणि हिसका दिला. काटा साडेत्रेसष्टवर गेला.

"काका, कधीपासून चाललंय हे?" स्मितानं विचारलं.

"हिनं ढकललं म्हनून हालला काटा."

स्मितानं त्याला दोन्ही हात डोक्यावर ठेवून पुन्हा उभं केलं. काटा पुन्हा साडेत्रेसष्टवरच. तेव्हा कुठे तो बोलला, आणि तेही ओरडून. "आदी तुमी चार-चार लिटर वढायचा, माज्या पायात गोळं यायचं! ते कुनी सोसायचं?"

म्हणजे दर वेळी दोनच लिटर निघायचं. उरलेलं तसंच अंगात साठायचं, आणि पुढच्या वेळी कोपर आणखी थोडं दाबायचं. ज्या लबाडीनं दुसऱ्यांचा कांदा गेला, तिनंच आता त्याचा जीव जायची वेळ आणली होती. डॉक्टरांनी सांगितलं, सगळं एका दमात काढलं तर हे हृदय सोसणार नाही. आज पाच तासांत तीन लिटर, बाकीचं उद्या.

तिसऱ्या तासाला गोळे आले. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. हौसेरावानं राजाबाईच्या बापापासून सुरुवात करून तिच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मशीन बंद करा म्हणून सिस्टरच्या हातापाया पडू लागला. राजाबाई त्याची पोटरी चोळत होती. ह्या माणसाचा तिला राग होता, बावीस वर्षांचा, चांगला मुरलेला. पण तो मेला तर ती भांडणार कुणाशी?

स्मितानं मशीन हळू केलं. "मावशी, फार त्रास होतोय त्यांना. आज एवढ्यावरच थांबवायचं का? पण मग पाणी आतच राहील."

"थांबवू नका. हळू काढा, पन काढा."

हौसेरावानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "माज्या मयताला येऊ नकोस तू."

"न्हाई येत," राजाबाई त्याच्या पायाचा अंगठा वर ओढत म्हणाली. "दोन तास ऱ्हायल्यात अजून. पाय ताठ करा."