आप्पांच्या लग्नाचं राहिलेलं स्वागत

मी केदारखेड्याहून हॉलंडला निघालो त्या सकाळी जीप गच्च भरली होती, माझी बॅग टपावर बांधून झाली होती, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला होता, आणि तरी जीप हलत नव्हती. कारण आमचे वडील, आप्पा, जीपच्या मागच्या पायरीवर उभे राहून सगळ्यांना एकमेकांच्या ओळखी करून देत होते.

"हा माझा थोरला, दत्ता. नोकरीला चालला, हॉलंडला. आन् दत्ता, हे जाफराबादचे. यांच्या बहिणीचं सासर आपल्या मागच्या गल्लीत. नमस्कार कर."

मी मान वाकवून, कारण टप डोक्याला लागत होता, नमस्कार करत होतो. ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "आप्पा, इमान सुटंल ना त्याचं!"

"सुटू दे. बिना ओळखीचे एका गाडीत बसता काय तुम्ही? जनावरं हायेत का?"

मागच्या बाकावर शेळी घेऊन बसलेल्या म्हातारबाबांपर्यंत ओळख पोचली, तेव्हा कुठे आप्पा खाली उतरले. माय तोवर डोळ्याला पदर लावायचा विसरून हसत होती. माझा निरोप हा असा झाला. रडायची सगळी तयारी करून गेलो होतो, ती वाया गेली.

आप्पा शेतकरी. पण पंचक्रोशीत त्यांना सगळे 'माईकवाले आप्पा' म्हणत. आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टकांच्या आधी एक मोठा कार्यक्रम असतो, तो म्हणजे पाहुण्यांचं स्वागत. एक माणूस माईक धरून उभा राहतो आणि एकेका पाहुण्याचं नाव, गाव, नातं पुकारतो. पाहुणा पुढे येतो, त्याला टॉवेल-टोपी देतात, तो लाजल्यासारखं करतो आणि जागेवर जातो. मुहूर्त टळतो, नवरदेव घामानं निथळतो, पण स्वागत संपल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. हे काम आप्पांनी जन्मभर केलं. हातात कागद कधी नसायचा. मांडवात नजर फिरवायची आणि सुरू. कोण कुणाचा व्याही, कुणाची आत्या कोणत्या गावात दिली, सगळं तोंडपाठ. एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस न जेवता उठून जातो आणि त्याच्या घरचे लोक पुढं कित्येक वर्षं तुमच्या दारात पाऊल टाकत नाहीत. हे ज्यांना सांगून खरं वाटणार नाही अशा वाचकांनी एकदा भोकरदन तालुक्यात लग्नाला यावं.

मी आईंडहोवनला राहायला लागलो तेव्हा पहिल्याच वाढदिवसाच्या पार्टीत चकित झालो. सगळे गोल खुर्च्या मांडून बसलेले. नवा आलेला माणूस एका टोकापासून सुरू करतो, प्रत्येकाशी हात मिळवतो आणि स्वतःच स्वतःचं नाव सांगत जातो. मी "दत्ता, दत्ता, दत्ता" करत फेरी पूर्ण केली. कुणाचा, कुठला, कुणीच विचारलं नाही. मोकळं वाटलं. घरी येऊन मात्र जरा उघडं पडल्यासारखंही वाटलं. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

त्याच गावच्या लायब्ररीत एक उपक्रम चालतो. हौशी माणसं म्हाताऱ्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करतात, त्यांची जुनी पत्रं, फोटो जपून ठेवतात. मी कुतूहलापोटी गेलो आणि अडकलो. हेडफोन लावून तिथल्या आजोबांच्या बालपणीच्या सायकलींच्या गोष्टी ऐकताना मला सारखं वाटायचं, आपल्या आप्पांना कुणी काही विचारलंच नाही. सगळ्या जिल्ह्याची माहिती त्यांच्याकडे, आणि त्यांची माहिती कुणाकडे?

मग एक दिवस मायचा फोन आला. आप्पांचा घसा बरेच दिवस बसला होता, ते कॅन्सरचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

मी रजा टाकली आणि निघालो. रेकॉर्डर घेतला, लायब्ररीतून मिळालेले प्रश्न मराठीत लिहून घेतले. ऑपरेशनच्या आधी आप्पांची गोष्ट आप्पांच्या आवाजात मला हवी होती. नंतर ती कुणीही सांगितली असती, पण त्या आवाजात नाही.

घरी पोचलो, चहा झाला, मी रेकॉर्डर समोर ठेवला आणि पहिला प्रश्न वाचला. "आप्पा, तुमची पहिली आठवण कोणती?"

"कोणाच्या लग्नातली?"

"लग्नातली नाही. तुमची स्वतःची."

आप्पांनी बराच विचार केला. आवाज घोगरा, चिरका झाला होता, पण चेहऱ्यावर तोच मांडवातला रुबाब. "माझी काय इशेष न्हाई. तू त्या फकिरबाच्या घरचं इचार, लई मोठी हकिगत हाये."

आणि त्यांनी फकिरबाच्या घरची सांगितली. दुसऱ्या प्रश्नाला तिसऱ्याच घरची. तुम्ही लहानपणी कसे होता, या प्रश्नाला शेजारचा पांडूकाका कसा होता ते सांगितलं. स्वयंपाकघरातून माय ओरडली, "अहो, तो तुमचं इचारून राह्यला! गावाचं न्हाई!"

"मंग मी गावातच होतो ना? का चंद्रावर होतो?"

दोन सकाळी अशा गेल्या. आवाज रोज थोडा उतरत होता. डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली होती. मी रेकॉर्डिंग ऐकून पाहिलं, तर त्यात अर्धा तालुका होता आणि आप्पा नव्हते. शेवटी कागद बाजूला ठेवला आणि मला खरोखर जाणून घ्यायचं होतं ते विचारलं.

"आप्पा, तुमच्या लग्नात माईकवर कोण होतं?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"मास्तर होते एक," ते म्हणाले. "बाहेरगावचे. चांगलं बोलायचे. पण त्यांनी मामा सोडले."

"कोणते मामा?"

"माझे. थोरले. अंतरवाली सराटीचे. मास्तरनं धाकल्या मामाला पुकारलं, टॉवेल-टोपी दिली, आन् मास्तरला वाटलं झालं, मामाकडचं स्वागत झालं. थोरले मामा खुर्चीत तसेच बसून होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. नवी टोपी मिळंल म्हणून."

माय दारात येऊन उभी राहिली. "उपाशी गेल्ते ते," ती म्हणाली. "हळद ओली होती माझी. मी बघितलं त्यांना जाताना."

"मंग त्या घरानं येणं-जाणं तोडलं," आप्पा म्हणाले. "माझी माय मरेपर्यंत माहेराला गेली न्हाई. माझ्या लग्नात माझ्या मायचं माहेर गेलं. म्हणून मंग मी धरला माईक. म्हणलं, आता कोणाचं सुटू देणार न्हाई."

मी इतकी वर्षं समजत होतो की माणसाला आवाजाची हौस आहे. हौस होतीच. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आता मी मुळात नाटकी माणूस. मी उठलो, चौकातून रफीकला बोलावून आणलं. रफीकचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे, आप्पांच्या हातात निम्म्या लग्नांत त्याचाच माईक असायचा. त्यानं अंगणात एक स्पीकर लावला, चार खुर्च्या मांडल्या. माझा रेकॉर्डर स्पीकरपाशी ठेवला. माईक आप्पांच्या हातात दिला आणि म्हणालो, "हळूच बोला, तो मोठं करंल. तुमच्या लग्नाचं स्वागत करा. पहिल्यापासून."

"येडा हाये हा," आप्पा मायला म्हणाले. मग म्हणाले, "माझी टोपी आण."

उभे राहिले. माईकवर टिचकी मारली. आणि तो बसलेला, फाटका आवाज अंगणात असा पसरला की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली.

"आज या ठिकाणी उपस्थित सर्व पाहुणे मंडळींचं हार्दिक स्वागत. सर्वप्रथम, अंतरवाली सराटीहून आलेले, वरमायचे थोरले भाऊ, आमचे मामा. मामांनी पुढं यावं."

आणि ते थांबले. मांडवात पाहुण्याला उठून यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ थांबले. स्पीकरची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

मायनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांना म्हणा, जेवून जा."

आप्पांनी माईक पुन्हा तोंडाशी नेला. "आणि मामांनी जेवल्याशिवाय जाऊ नये, ही नम्र विनंती."

त्यानंतर आप्पा थांबलेच नाहीत. एकेक पाहुणा येत गेला आणि प्रत्येकाबरोबर आप्पाही थोडे थोडे येत गेले. "याच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली. यानं मला पोहायला शिकवायला विहिरीत ढकललं. याच्या पोरीचं स्थळ मला आल्तं, पण आपलं जुळलं न्हाई, असो, त्यांचंही स्वागत." यावर माय "आता सांगता हे?" म्हणून अशी काही गरजली की रेकॉर्डिंगमध्ये तेही आलं आहे.

स्पीकरचा आवाज ऐकून लोक जमायला लागले. एक बाई धावत आली, "कोणाचं लगीन हाये? आमाला सांगितलंबी न्हाई!" आप्पांनी लगेच तिचं स्वागत केलं. मग दारातल्या सगळ्यांचंच सुरू झालं. रफीकचं केलं, त्याच्या मरहूम वालिदांसकट. कडेला उभ्या गावच्या जावयांचं केलं. माणसं हसत पुढे येत होती, टॉवेल नव्हते म्हणून माय हातावर साखर ठेवत होती.

मी वाट पाहत होतो. आता माझं येईल, मग येईल. या माणसानं माझी ओळख एका शेळीवाल्यालाही करून दिली होती. अंगण संपलं. आप्पा दमून खुर्चीत बसले.

"आप्पा," मी जवळ जाऊन म्हणालो, "माझं राह्यलं."

आप्पांनी माईकवर तळहात ठेवला, मांडवात यजमानाशी काही खासगी बोलायचं असलं की ठेवायचे तसा. "पाव्हणा हायेस काय तू? घरच्या माणसाचं पुकारत न्हाईत. खुर्च्या उचल, जल्दी. रफीकला जायचंय."

मी खुर्च्या उचलल्या.

ऑपरेशन नीट झालं. आप्पा आता मोबाइलवर टाइप करतात, शुद्धलेखनाच्या नावानं बोंब, पण कुणाचा वाढदिवस चुकवत नाहीत. त्या सकाळचं रेकॉर्डिंग गावात बहुतेकांकडे पोचलं आहे. लोक आपापलं स्वागत पुन्हा पुन्हा ऐकतात. ज्यांचं नाव आहे त्यांनी ते मुंबईला, दुबईला आपल्या पोरांना पाठवलं. आईंडहोवनच्या लायब्ररीलाही मी एक प्रत दिली, मामांपासून जावयांपर्यंत, सोबत अर्थ लिहून.

तळहाताखालून आलेलं ते शेवटचं बोलणं मात्र मी कापून वेगळं ठेवलं आहे. फार बारीक ऐकू येतं, कानाला लावावं लागतं. ते कुणाला पाठवलेलं नाही. घरातलं बोलणं आहे.