बाप्तिस्मा आबांचा, वर्ग माझा

सत्तरी उलटल्यावर मला एकदा चर्चमधल्या प्रार्थनेतून, भर मिस्सातून बाहेर नेण्यात आलं, आणि तेही आशीर्वाद देऊन.

नील आणि तारा, आबा कॅथलिक कसे झाले असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. तुमचे बाबा ही गोष्ट सांगताना माझ्या भागावर फार हसतात असं कानावर आलंय, म्हणून खरी हकीकत मीच लिहून पाठवते.

आबा कसबा पेठेतले आणि मी जन्मापासून कॅथलिक. लग्नानंतर कोणी कोणाला बदललं नाही. तरी दर रविवारी आबा माझ्याबरोबर मिस्साला यायचे. ख्रिस्तप्रसाद बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळतो, म्हणून त्याची रांग लागली की मी पुढे जायची आणि ते मागच्या बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसायचे. (इतक्या भक्तिभावाने पर्स धरलेली मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही.) एका रविवारी घरी परतताना रिक्षातच म्हणाले, "स्टेला, मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

"अहो, एकदम?"

"एकदम कसलं? इतकी वर्षं ऐकतोय. आता पटलंय."

"आणि भाऊंना काय सांगणार?" भाऊ म्हणजे त्यांचे थोरले बंधू, अजून पेठेतच राहतात.

"सांगितलं. म्हणाले, गणपतीत मोदक खायला येणार ना? म्हटलं, येणार. म्हणाले, मग मला कशाला विचारतोस."

प्रौढांचा बाप्तिस्मा ईस्टरला होतो आणि त्याआधी कित्येक महिने वर्गाला जावं लागतं. ते वर्ग नुकतेच सुरू झाले होते. या वर्षी हुकलं की पुढचं वर्ष. "माझ्या वयात माणसाने पुढच्या वर्षावर काही टाकू नये," आबा म्हणाले. ते हसत म्हणाले, पण मला ते लागलं. योग्य वर्ग निवडायची जबाबदारी मी घेतली.

शाळेत मी पर्यवेक्षिका होते. न कळवता जायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, ओळख द्यायची नाही, ही माझी तपासणीची पद्धत. तीच इथे वापरली.

आमच्या चर्चमधला वर्ग इंग्रजीतून होता. एक तरुण इंजिनीअर पडद्यावर चित्रं दाखवायचा आणि मग सगळ्यांना गोल बसवून एकमेकांना भावना सांगायला लावायचा. आबांनी मलाही कधी भावना सांगितलेल्या नाहीत, तिथे सहा अनोळखी माणसांना काय सांगणार? तो वर्ग बाद. दुसरा मोबाईलवर व्हिडिओ पाहायचा होता. आबा दुसऱ्या मिनिटाला घोरले, तोही बाद. तिसरा येरवड्याच्या बाजूला, मराठीतून. शिकवणाऱ्या सिस्टर मोनिका.

गुरुवारी संध्याकाळी मी एकटीच जाऊन शेवटच्या बाकावर बसले. सिस्टर थेट माझ्याकडे आल्या.

"या, या. नाव काय?"

"स्टेला."

"वा! बाप्तिस्म्याचं नाव आधीच ठरवून आलात."

मी काही बोलायच्या आत त्या फळ्यापाशी परत गेल्या. शिकवणं मात्र उत्तम होतं. स्वच्छ उच्चार, सुंदर अक्षर. शेवटी त्यांनी विचारलं, "आपल्या चर्चचे सात संस्कार कोणते? स्टेलाताई, प्रयत्न करता?"

मी उभी राहिले. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, आजाऱ्यांचा अभ्यंग, गुरुदीक्षा. सातवा काही केल्या आठवेना.

"नव्या माणसाच्या मानाने फारच छान," सिस्टर म्हणाल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

तिथेच खुलासा करायला हवा होता, मान्य. पण सहावर अडकल्यावर आपण जन्माच्या कॅथलिक आहोत हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

"वर्ग चांगला आहे," घरी येऊन मी सांगितलं, आणि फजितीही सांगितली.

"राहिला कोणता?" आबांनी विचारलं.

"विवाह."

आबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वर केलं.

रविवारी आम्ही दोघं तिथल्या मिस्साला गेलो. मिस्सा संपल्यावर सिस्टरना गाठून खुलासा करायचा आणि आबांचं नाव घालायचं, असं माझं ठरलं होतं. पण तिथे एक प्रथा होती, जी आमच्या चर्चमध्ये नाही. प्रवचन झालं की बाप्तिस्मा व्हायचा असलेल्यांना फादर वेदीपुढे बोलावतात, आशीर्वाद देतात आणि शेजारच्या खोलीत शिकायला पाठवतात. उरलेला मिस्सा बाप्तिस्मा झालेल्यांचा. फादरांनी बोलावलं आणि सिस्टर बाकांमधून चालत येऊन माझा हात धरून उभ्या राहिल्या.

"चला, लाजू नका."

"सिस्टर, मी नाही, हे..."

"अरे वा, घरचेही आलेत सोबत! काका, तुम्ही बसा निवांत."

"बसतो," आबा म्हणाले. (हे त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.)

सगळ्या चर्चने माझ्या दिशेने हात उंचावून प्रार्थना केली आणि मी बाजूच्या दाराने बाहेर! आत काय झालं ते नंतर कळलं. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली तेव्हा एक स्वयंसेवक आबांपाशी आला.

"काका, रांगेत चला ना."

"माझा बाप्तिस्मा व्हायचाय."

"मग मघाशी बाहेर का नाही गेलात?"

"बायको गेलीय."

"त्यांचाही व्हायचाय का?"

"नाही, तिचा झालाय."

तो बिचारा थेट फादरांना शोधायला गेला.

तोवर मी त्या खोलीत सिस्टरना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांचा चेहरा कडक झाला.

"म्हणजे तुम्ही मला तपासायला आला होतात?"

"हो."

"मग? पास झाले?"

"उत्तम."

"तुम्ही नाही झालात."

मिस्सा सुटला आणि आबा आले. त्यांनी हात जोडले. "सिस्टर, चूक हिची आहे, पण वर्ग मला हवाय. मला घ्याल का?"

सिस्टरनी हजेरीची वही उघडली. "प्रत्येकाबरोबर एक सोबती लागतो. बाप्तिस्मा झालेला, दर गुरुवारी न चुकता येणारा. तुमच्याकडे आहे कोणी?"

"आहे एक," आबा म्हणाले. "पण तिचं अजून सहापर्यंतच झालंय."

तेव्हा कुठे सिस्टर हसल्या.

मग पूर्ण हिवाळा आणि अर्धा उन्हाळा आम्ही दर गुरुवारी येरवड्याला गेलो. आबा पेठेच्या पद्धतीने प्रत्येक गोष्टीला "कशावरून?" विचारायचे, सिस्टर शांतपणे उत्तर द्यायच्या, आणि मी पहिल्यांदाच कळल्यासारखी मान हलवायची. पहिल्यांदाच कळत होतं, त्याला काय करणार?

ईस्टरला आबांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत ते माझ्या पुढे होते, आणि मला चष्मा काढून पुसावा लागला. नंतर केक खाताना सिस्टर म्हणाल्या, "इतकी मनापासून तयारी केलेला विद्यार्थी मला फार दिवसांनी मिळाला."

"आणि माझ्याबद्दल काय मत आहे?" मी विचारलं.

सिस्टरनी केकचा घास संपवला आणि म्हणाल्या, "तुमचा बाप्तिस्मा लहानपणीच होऊन गेला ना, ते एका अर्थी बरंच झालं."