बाद म्हणा

किल्लारीकडच्या लोकांनी शिवगंगाला नावानं क्वचितच हाक मारली. ती भूकंपाची पोर. भिंतीचे दगड पायावर पडले तेव्हा ती नुकती रांगू लागली होती, आणि तो डावा पाय पुढं कधी वाढलाच नाही. गाव बघायला जो कोणी मोठा माणूस आला, त्यानं तिला कडेवर घेऊन फोटो काढला. शाळेत तर तिची शर्यतच वेगळी लागायची. ती एकटी कुबडीवर चालत जायची, पोरं टाळ्या पिटायची, पहिला नंबर तिचाच. "दुसरा कुणाचा?" तिनं एकदा विचारलं, तर गुरुजी हसले.

हे हसू तिच्या मागंच लागलं. लग्नात, बाजारात, जत्रेत. लोक तिच्याशी गोड बोलायचे आणि तिचं ऐकायचे मात्र नाहीत.

पुढं उदगीरला उमाशंकर शेठच्या दाळ मिलमध्ये ती माल पारखायला लागली. तूरदाळ मुठीत घेऊन ओल सांगायची. शेठला दुबईच्या प्रदर्शनात दुकान मांडायचं होतं, म्हणून त्यानं तिला आणि इंग्रजी बोलायला आपल्या लेकीला, दामिनीला, सोबत नेलं. दाळीचे नमुने दाखवून दिवस संपले. परतायच्या आदल्या दिवशी दामिनी म्हणाली, "अक्का, हितं अपंगांचे सामने चालू हायत. देशोदेशीचे लोक आलेत. येतीस का?"

"मला बघायला लोक जमतात तेवढं पुरे हाय," शिवगंगा म्हणाली. तरी गेली.

मैदानात एक दांडगी बाई लोखंडी खुर्चीत पट्ट्यानं बांधून बसली होती. दोन्ही पाय मांडीपासून नव्हते. तिनं मान वाकवून गोळा गालाशी धरला आणि असा फेकला की लोक उभेच राहिले. तेवढ्यात पंचानं लाल झेंडा वर केला. ती बाई त्याच्याशी भांडायला लागली. पंचानं मान हलवली, झेंडा खाली घेतला नाही.

"काय झालं गं?"

"बाद केलं. फेकताना ती खुर्चीवरून उचलली गेली."

"अपंग बाईला बाद केलं?"

"नियम हाय अक्का. तिला कशाला सोडतील?"

त्या बाईच्या तोंडावरचा राग शिवगंगा बघत राहिली. तिला त्या रागाचा हेवा वाटला. एवढ्या वर्षांत तिला कुणी बाद म्हटलं नव्हतं.

परतल्यावर तिनं मिलच्या वेल्डरकडून तसलीच खुर्ची करून घेतली. सुट्टी झाली की मिलच्या अंगणात बसून वजनकाट्याचं लोखंडी माप फेकायची. दाळ निवडणारी गुणाबाई म्हणायची, "शिवगंगे, फरशी फोडून राहिलीस. शेठ पगारातून कापील बघ."

"कापू दे. तू बाजूला हो, न्हाईतर तुझंच टकुरं फुटंल."

डिसेंबरात अपंग दिनाला उदगीरच्या मैदानात खेळ ठेवले होते. मांडव, हार, शाली, पाहुणे. संयोजक श्रीमंतराव माईकवर प्रत्येकाला जिद्दीचं उदाहरण म्हणत होते. शिवगंगानं आपली खुर्ची रिक्षात घालून आणली होती. तिनं पहिला गोळा फेकला. लांब गेला. पण तिला कळलं, बूड खुर्चीवरून सुटलं होतं.

"पहिला नंबर शिवगंगाताई," श्रीमंतराव म्हणाले.

"अजून पारूबाईनं फेकलं कुठं हाय?"

पारूबाई भाजी विकणारी. एका पायाची. ती रांगेत बाहीनं घाम पुसत उभी होती.

"त्यांना उत्तेजनार्थ हाय की. तुम्ही शाल घ्या."

"माझी फेक बाद हाय. मी उठले होते."

श्रीमंतराव माईकमध्येच हसले. "ताई, तुम्हाला उठता आलं असतं तर आम्ही हे कशाला ठेवलं असतं?"

मांडव हसला. पाहुणेही हसले. एवढ्या माणसांत एकालाही लाज वाटली नाही, हे मी लिहून ठेवतो.

शिवगंगानं पट्टा घट्ट केला. "बाद म्हणा."

"आजच्या दिवशी कुणाला बाद म्हणू? लोक जोड्यानं मारतील मला."

"तुम्ही म्हणेपर्यंत मी हितून उठत न्हाई."

"काय हट्ट करून राहिलात, ताई."

"लंगडीला पहिला नंबर वाटता, मग एवढा एक शब्द का जड जातो?"

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. पारूबाई पुढं आली. "सायेब, म्हणून टाका. भाजीची पाटी उन्हात हाय माझी."

श्रीमंतरावांनी माईक बंद केला आणि पुटपुटले, "बाद."

"माईकवर."

त्यांनी माईक चालू केला. "बाद."

शिवगंगानं पुन्हा गोळा घेतला. या खेपेला बूड खुर्चीला चिकटून राहिलं आणि गोळा पहिल्याच्या बराच अलीकडं पडला. ती फेक मात्र मोजली गेली. मग पारूबाई त्याच खुर्चीत बसली. सराव नाही, काही नाही. पाटी उचलून उचलून खांदा मात्र दगड झालेला. तिनं फेकला आणि टेप धरणाऱ्याला विचारलं, "तिच्या पुढं गेला का रं?"

"गेला. वीतभर."

शाल पारूबाईला गेली. शिवगंगा दुसरी आली. रिक्षात दोघी खुर्चीला धरून शेजारी बसल्या, आणि पारूबाई म्हणाली, "राग आला का गं?"

"हाव. लई आला," शिवगंगा म्हणाली. बसस्टँड येईपर्यंत ती तिच्याशी एक शब्द बोलली नाही.