पिशोरच्या जीपची वाटणी

‘ओरिजनल आहे असं लिहा, साहेब,’ भानुदासराव म्हणाले. तेव्हा मी जीपच्या खाली पाठीवर पडून टॉर्च मारत होतो. बाहेर आलो, हात पुसले आणि सांगितलं, ‘लिहिता येणार नाही. आत डिझेल इंजिन आहे. ही गाडी कंपनीतून पेट्रोलवर निघाली होती.’

‘पण ते बसवलं आमच्या वडिलांनी. आम्ही नाय.’

‘कुणीही बसवलेलं असो.’

मी परवानाधारक मोटार व्हॅल्युअर आहे. छत्रपती संभाजीनगरात ऑफिस आहे. वापरलेल्या गाडीची आजची किंमत काय, हे ठरवून लेखी देणं हे माझं काम. पूर्वी जुन्या जीपचं मूल्यांकन दहा मिनिटांत व्हायचं. वजन, टायर आणि भंगाराचा भाव एवढंच बघायचं. गेल्या काही वर्षांत ते बदललं. शहरातल्या लोकांना जुन्या जीप हव्या आहेत. त्यासाठी ते गावोगाव माणसं पाठवतात आणि नव्या गाडीएवढी किंमत द्यायला तयार असतात. अट एकच असते. गाडी कंपनीतून निघाली तशी असावी.

त्यात सरकारी नियम आला. पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला वेगळा नंबर मिळतो. मात्र त्यानंतर ती रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

हे मी भानुदासरावांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘मंग आलं कशात न्यायचं?’

त्यांचा खरा प्रश्न तोच होता. ते पिशोरला आल्याचं पीक घेतात. माल व्यापाऱ्याच्या गाडीतून जातो. गाडी कधी पाठवायची ते व्यापारी ठरवतो, त्यामुळे भावही तोच ठरवतो. भानुदासरावांना काढणीच्या आत स्वतःची पिकअप घ्यायची होती. जीप विकून पिकअप, असा साधा हिशेब होता. गिऱ्हाईकही मिळालं होतं. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेले एक शेठ जुन्या जीप जमवतात. त्यांनी फोटो पाहून होकार दिला होता, पण व्हॅल्युअरचा रिपोर्ट मागितला होता.

मी विचारलं, ‘मूळ पेट्रोल इंजिन कुठं आहे?’

भानुदासरावांनी गोठ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पत्नी ओट्यावरून म्हणाल्या, ‘लासूरला. धाकल्या भावजींकडं.’

मराठवाड्यातल्या बहुतेक पेट्रोल जीपचं एका काळात हेच झालं. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी शहरात नेऊन डिझेल इंजिनं बसवली आणि जुनं इंजिन गॅरेजवाल्याकडे सोडून दिलं. या भावांचे वडील मात्र ते परत घेऊन आले. आपण पैसे देऊन घेतलेली वस्तू गॅरेजवाल्याला का द्यायची, हा त्यांचा मुद्दा होता. ते गेल्यावर वाटणी झाली. जमीन आणि घराबद्दल वाद नव्हता. जीप मात्र दोघांनाही हवी होती. पंचांनी ती थोरल्याला दिली. धाकटा म्हणाला, मग जीपमधलं मला काय? पंचांपैकी कुणीतरी गमतीनं म्हणालं, तू इंजिन ने. त्यानं ते नेलं. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते.

रिपोर्ट अर्धवट ठेवून मी परत आलो. दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. डिझेलचं त्यांना भानुदासरावांकडून कळलं होतं. डिझेल इंजिन असेल तर जुन्या डिझेल जीपच्या भावानं घेईन, असं त्यांनी सांगितलं. तो भाव पिकअपच्या जवळपासही जात नव्हता. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘मूळ इंजिन कुणाकडे आहे, काही कळलं?’

मी म्हणालो, ‘माझी फी भानुदासरावांनी दिली आहे.’

‘मी तुम्हाला फक्त पत्ता विचारतोय.’

‘मला कळलं तुम्ही काय विचारताय.’

शेठ हसले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांची चूक नव्हती. ते इंजिन आधी त्यांच्या हाती गेलं असतं, तर जीप त्यांच्याशिवाय कुणालाच पूर्ण करता आली नसती. मग भाव त्यांनीच ठरवला असता. ते बरीच वर्षं जीप जमवत आहेत.

भानुदासरावांच्या परवानगीनं मी लासूर स्टेशनला गेलो. धाकट्या कचरूभाऊंचं तिथं बाजार समितीजवळ सरकी-पेंडीचं दुकान आहे. मागच्या गोदामात, पेंडीच्या पोत्यांमागे, दोन लाकडी फळ्यांवर इंजिन ठेवलं होतं. त्यावर हळद-कुंकू होतं. मी नंबर पाहिला. आरसी बुकातल्या नंबराशी जुळत होता. डिझेल इंजिनाची नोंद कुणी कधी केलीच नव्हती.

पडून राहिलेल्या इंजिनाची एक अडचण असते. आतले पिस्टन गंजून सिलिंडरला धरून बसतात. याला इंजिन जाम होणं म्हणतात. इतकी वर्षं पडलेलं इंजिन जाम असणारच, असं धरून मी हँडल लावलं. ते फिरलं.

‘ऑइल सोडतो ना मी,’ कचरूभाऊ म्हणाले. ‘खंडेनवमीला पूजा करायची तर हत्यार चालतं पायजे. प्लग काढायचे, ऑइल टाकायचं, चार आटे फिरवायचं, मंग कुंकू.’

‘दरवर्षी?’

‘माझ्या वाटणीचं हाये. भंगारवाले लई येऊन गेले. नाय दिलं.’

ज्या इंजिनाला बसवायला गाडी नव्हती, त्याची देखभाल मी पाहिलेल्या अनेक चालू गाड्यांपेक्षा चांगली झाली होती.

मी त्यांना कामाचं सांगितलं. नुसत्या जीपची एक किंमत आहे. नुसत्या इंजिनाची जवळजवळ भंगाराची. दोन्ही एकत्र आली, तर किंमत पहिल्या दोन्हींच्या बेरजेच्या कितीतरी पुढे जाते. कचरूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘मंग ते मधलं वाढलेलं कुणाचं?’

‘ते मला ठरवता येत नाही.’

‘तुम्ही तर किमती ठरवता.’

‘किंमत ठरवतो. मालकी नाही.’

‘मंग त्यांना सांगा, अर्धं. नायतर हाये तिथं बरं हाये. ते काय खायाला मागत नाय.’

‘त्यांना’ म्हणजे थोरल्या भावाला. मी पिशोरला जाऊन सांगितलं. भानुदासराव चिडले. ते चिडल्यावर आवाज चढवत नाहीत, फक्त भरभर बोलतात. त्यांचं म्हणणं असं होतं की गाडी त्यांनी सांभाळली, पत्रा त्यांनी बदलू दिला नाही, पावसापाण्यात छपराखाली ठेवली, आणि अर्धे पैसे मात्र पेंड विकणारा घेणार. इंजिनाचे भंगाराच्या दुप्पट देतो असं धाकट्याला कळवा, असं त्यांनी मला सांगितलं.

मी कळवलं नाही. कागद घेऊन त्यांना दोन आकडे लिहून दाखवले. एक, डिझेल जीपचे सगळे पैसे. दुसरा, पूर्ण जीपचे अर्धे. दुसरा मोठा होता.

त्यांनी कागदाची घडी केली. ‘अर्ध्यात नवी पिकअप येत नाय,’ ते म्हणाले.

‘वापरलेली येते.’

‘तुम्ही बघून द्याल?’

‘देईन.’

‘मंग त्याला सांगा, आण म्हणावं.’

पुढच्या आठवड्यात कचरूभाऊ स्वतःच्या टेम्पोतून इंजिन घेऊन पिशोरला आले. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवायला ते तयार नव्हते. शहरातून मिस्त्री आणला होता. चेनपुली लावून त्यानं डिझेल इंजिन बाहेर काढलं आणि गोठ्याच्या कडेला ठेवलं. पेट्रोल इंजिन आत गेलं. बसवायच्या जागा फ्रेमवर तशाच होत्या. कार्बोरेटर, क्लच आणि वायरिंग यांत दोन दिवस गेले. या दोन दिवसांत दोन्ही भाऊ समोरासमोर बाजा टाकून बसले होते आणि माझ्यामार्फत बोलत होते. त्यांना सांगा, चहा घ्या. त्यांना सांगा, घेतला. अंतर सहा-सात फूट असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन सुरू झालं. सुरुवातीला खोकलं, मग लागलं. भानुदासराव उठून उभे राहिले. कचरूभाऊही उठले. मिस्त्रीनं पैसे मागितले, तेव्हा दोघांनी निम्मे निम्मे दिले.

मी रिपोर्ट पूर्ण केला. मूळ इंजिन मधल्या काळात काढलेलं होतं आणि आता परत बसवलं आहे, हेही लिहिलं. व्हिंटेज नोंदणी द्यायची की नाही, ते आरटीओनं ठरवायचं. शेठनी थोडी घासाघीस केली आणि भाव मान्य केला. पैसे दोघांच्या खात्यांवर आले. गाडी न्यायला ट्रक आला. जीप वर चढली. सगळं संपलं असं मला वाटलं.

तेवढ्यात कचरूभाऊंनी टेम्पो मागे घेतला आणि गोठ्याच्या कडेला, डिझेल इंजिनाजवळ लावला.

‘कचरू, ते कुठं चाललं?’ भानुदासराव म्हणाले.

‘इंजिन आणलं व्हतं, इंजिन नेतो.’

‘आणलं त्याचे अर्धे पैसे घेतले ना तू?’

‘तू बी घेतले. मंग ह्याचं बी अर्धं कर.’

‘इंजिनाचं अर्धं कसं करायचं?’

‘ते वाटणीच्या येळंला इचारायचं व्हतं, दादा.’

डिझेल इंजिनाचा विचार कुणीच केला नव्हता. मीही नाही. ते माझ्या रिपोर्टात नव्हतं, कारण ते विकलेल्या गाडीत नव्हतं. ट्रकचा ड्रायव्हर मला विचारायला लागला की निघू की थांबू. मी त्याला जायला सांगितलं. वाद पुढे बराच वेळ चालला. त्यात जुन्या विहिरीचा विषय निघाला, कुणाच्या तरी लग्नातला आहेर निघाला आणि वडिलांच्या घड्याळाचाही. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. ‘त्यांना सांगा’ हे शब्द कुणी उच्चारले नाहीत.

शेवटी ठरलं ते असं. इंजिन शहरातल्या गॅरेजला विकायचं आणि पैसे निम्मे करायचे. पण विकायला कोण जाणार? एकट्यानं जाऊन खरा भाव सांगितला नाही तर? एकट्यावर विश्वास ठेवायचा नाही, यावर दोघांचं एकमत झालं. दोघंही टेम्पोत शेजारी शेजारी बसले आणि संभाजीनगरकडे निघाले. टेम्पो वळणावर जाईपर्यंत आतून आवाज येत होता.

भानुदासरावांना मी वापरलेली पिकअप बघून दिली. काढणीचं आलं त्यांनी स्वतःच्या गाडीतून बाजारात नेलं. पिकअप बघायच्या दिवशी कचरूभाऊ बरोबर होते. भाव जास्त आहे, असं त्यांचं मत होतं आणि त्यांनी ते थेट भावालाच ऐकवलं.

आता कुणी जुनी जीप बघायला बोलावलं, तर चासी नंबर मी नंतर तपासतो. आधी विचारतो, वाटणी झाली आहे का, आणि कुणाच्या वाट्याला काय आलं.