नाकवालीचं श्रीखंड

तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे आणि डेअरीत तर ते कुणाला ठाऊकही नव्हतं. तिथे ती नुसती नाकवाली. दुधाचे कॅन ट्रकमधून उतरायचे, ती झाकण उचलायची, वाकून एकदा हुंगायची आणि म्हणायची, "घ्या." नाहीतर, "परत." नोकरीभर एवढंच काम. गाडीवाले हुज्जत घालायचे, मुलाबाळांच्या शपथा घ्यायचे, तोवर ही पुढच्या कॅनकडे वळलेली असायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा तिचा मूळचा स्वभाव, डेअरीने त्याला पगार दिला इतकंच.

निवृत्तीनंतर सगळा दरारा स्वयंपाकघरात आला आणि श्रीखंडावर एकवटला. दही ती स्वतः विरजायची, मलमलच्या फडक्यात बांधून टांगायची आणि पाणी निथळून चक्का घट्ट झाला की फडकं सोडून आधी हुंगायची. नाकाने होकार दिला तरच साखर. मग चाळणीवर तळहाताने घासत बसायची, एक गुठळी राहू द्यायची नाही. मधे हात घालायची कुणाची छाती नव्हती. मुलगा लहानपणी एकदा "जरा आंबट झालंय" असं म्हणाला, तर बाईंनी अख्खं पातेलं मोरीत ओतलं आणि वर्षभर श्रीखंडाचं नाव काढलं नाही. तेव्हापासून घराला वळण लागलं. पहिला चमचा तोंडात जायच्या आत "वा!" निघायचं. सून नवी आली तेव्हा मुलाने तिला सगळ्यात आधी हेच शिकवलं. घरच्या माणसांना इतकं धाकात ठेवू नये. तिने ठेवलं होतं, आणि तिला त्याचा अभिमानही होता.

त्या हिवाळ्यात तिला जबर सर्दी झाली. सर्दी गेली, पण वास परत आला नाही. पहिल्यांदा कळलं ते फोडणी करपली तेव्हा. धूर डोळ्यांना झोंबला आणि नाकाला पत्ताच नाही. तिने घाबरून साबण हुंगला, फिनेलची बाटली हुंगली, नवऱ्याचा तेलकट सदरा नाकाशी धरला. काही नाही. जिभेला गोड कळत होतं, आंबट कळत होतं, बाकी सगळं पुसल्यासारखं. सांगायचं तरी कसं? सगळं आयुष्य जिने नाकाच्या जोरावर लोकांना परत पाठवलं, तिने आता नाक गेलं म्हणून रडायचं? तिने ब्र काढला नाही. दूध आलं की पूर्वीसारखीच वाकायची, हुंगल्यासारखं करायची, "ठीक आहे" म्हणायची. आज ना उद्या हे अंगाशी येणार, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं.

त्यातच नवऱ्याचं ऑपरेशन झालं. तो घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून बसलेला, बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "यांच्या अंगात सध्या कशालाही तोंड द्यायची ताकद नाही. शिळंपाकं, बिघडलेलं काही पोटात गेलं तर निभावणार नाही." पण हा काही खाईचना. ताट दिसलं की भिंतीकडे तोंड करायचा. गालफडं बसली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. आणि एका दुपारी आपण होऊन म्हणाला, "अगं, तुझं श्रीखंड खावंसं वाटतंय."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताजं आणि घरचं असेल तर दोन चमचे द्या. तिच्या अंगात वारं भरलं. दही लावलं, फडक्यात बांधलं आणि उन्हाळा होता म्हणून पुरचुंडी फ्रिजमधेच टांगली, खाली भांडं ठेवलं.

सकाळी फ्रिजसमोर पाण्याचं थारोळं होतं. दार उघडलं तर आतला दिवा लागला नाही. फ्रिज केव्हा बंद पडला होता कोण जाणे. तिने पुरचुंडीला हात लावला. कोमट होती, आजारी माणसाच्या अंगासारखी.

फेकून द्यावं, हेच पहिलं मनात आलं. पण पुन्हा दही लावायचं, पुन्हा टांगायचं, म्हणजे दोन दिवस गेले. आतून त्याचा आवाज आला, "झालं का गं?" इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा जेवणासाठी हाक मारत होता. तिने फडकं सोडलं, नाक अगदी चक्क्याला टेकवलं. काही नाही. बोटाने चाखलं. आंबट होता, पण चक्का आंबटच असतो. तिने साखर घातली, वेलची घातली, घासून घासून मऊ केलं आणि सुनेला हाक मारली.

"बघ गं कसं झालंय."

"छान झालंय, आई!" चमचा अजून ओठांशीच होता.

"नीट चाख. खरं सांग."

सून दचकली. सासूबाई आपली परीक्षा बघताहेत, असं तिला वाटलं. तिने चमचा तोंडात घातला, घाईने गिळला. "खरंच, नेहमीसारखंच आहे."

मुलगा तर "वा!" म्हणाला आणि लगेच ग्लासभर पाणी प्यायला.

"पाणी का प्यायलास रे?"

"तहान लागली होती."

मला वास येत नाही रे, तू सांग. वाक्य घशापर्यंत आलं होतं. पण सून समोर उभी होती, आणि सुनेसमोर? तिने गिळून टाकलं. वाटी भरली आणि आत गेली.

नवऱ्याने पहिला चमचा जरा वेळ तोंडात धरला. तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "वा." दोन चमचे झाले, ती वाटी काढून घ्यायला लागली तर त्याने हात धरला आणि सगळी वाटी संपवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटले, असं तिला वाटलं.

ऊन उतरायच्या आत त्याला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग ताप चढला, मग उलट्या. मुलाने रिक्षा आणली.

"आज काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," नवरा स्ट्रेचरवरून म्हणाला. "नुसतं सूप."

मुलगा फरशीकडे बघत राहिला. सून पदराशी चाळा करत राहिली. कुणी बोलणार नव्हतं. तिने घरात तशीच सवय लावली होती.

"खोटं आहे," ती म्हणाली. "श्रीखंड खाल्लंय, वाटीभर. फ्रिज बंद पडला होता. मी दिलं."

"अहो, पण वास आला नाही?"

"मला वास येत नाही. हिवाळ्यापासून. मी कुणाला सांगितलं नाही." ती मुलाकडे वळली. "तुला आला होता ना?"

मुलाने होकारार्थी मान हलवली. सुनेला हुंदका फुटला.

ती वाकली, अगदी नवऱ्याच्या तोंडाशी. "आणि तुम्हाला?"

त्याने कष्टाने डोळे उघडले. "खराब होतं गं," तो म्हणाला. "पण तू समोर उभी होतीस."

वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं. तिला आत सोडलं नाही.