सखारामला ओळखायला

गोंदियाहून छोटी गाडी सुटली तेव्हा समोरच्या बाकावरच्या व्यापाऱ्याने विचारले, "कहाँ उतरना है, बाबूजी?"

"अर्जुनी," मी म्हणालो.

"तो सौंदड में उतर जाइए. वहाँ से पास पड़ेगा."

रंगूनपर्यंत जाऊन आलेला माणूस मी, पण आमच्याच मुलखातला हा फाटा मी कधी पाहिला नव्हता. मुकाट्याने सौंदडला उतरलो. गाडी धूर सोडत झाडीत शिरली आणि मग फलाटावरच्या हमालाने मला विचारले, "कोणच्या अर्जुनीले जाचं हाय तुमाले? सडक अर्जुनी का मोरगाव अर्जुनी?"

"केशोरीला जायचंय."

"मंग हितं कायले उतरले? ते मोरगाव अर्जुनीवरून लागते. आता गाडी उद्या."

त्या रात्री मी हमालाच्याच ओसरीवर झोपलो. त्याच्या बायकोने भात आणि लाखोरीचे वरण (लाखोरी ही आमच्याकडची स्वस्त डाळ) वाढले. एका नावाची दोन गावे आणि मी चुकीच्या गावाच्या वाटेवर! ज्या कामाला निघालो होतो त्या कामाचाही असाच घोळ होता.

काम असे होते. ऐन उमेदीची काही वर्षे मी रंगूनला भाताच्या गिरणीत मिस्त्री होतो. केशोरीचा सखाराम तिथे माझ्या जोडीला होता. आम्ही एकाच खोलीत राहायचो आणि एकाच ताटात जेवायचो. पुढे मी परतलो आणि तो मागे राहिला. मग लढाई आली, रंगूनवर बॉम्ब पडले आणि तिथली आपली माणसे डोंगर-जंगल तुडवत पायी हिंदुस्थानाकडे निघाली. सखारामचा पत्ता लागला नाही. आणि आता, इतक्या काळाने, त्याची बायको सगुणाबाई हिचा बाजारकऱ्यांबरोबर निरोप आला होता. एक माणूस आला आहे, मीच सखाराम असे म्हणतो आहे. गावात दोन तट पडले आहेत. तुम्ही त्याच्यासोबत होतात, येऊन ओळखा.

दुसऱ्या दिवशी मोरगाव अर्जुनीला उतरलो आणि केशोरीकडे जाणारी एक बैलगाडी मिळाली. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये (धानाच्या चौकोनी खाचरांमध्ये) पिवळे धान ओंब्यांच्या भाराने वाकले होते. मध्येच एखादी बोडी (लहान तळे) लागे, तिच्यात कमळाची पाने आणि एका पायावर उभे बगळे. बोडीकाठी पाणी प्यायला उतरलो आणि मला एकदम इरावतीकाठचे धान आठवले. तिथेही हाच वास होता. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे पेगूला गेलो होतो, निजलेल्या बुद्धाची ती प्रचंड मूर्ती पाहायला. एवढा मोठा देव इतका निवांत झोपलेला पाहून सखाराम म्हणाला होता, "याच्या गावची कापणी झाली असन." परतताना नावेतून माझी छत्री नदीत पडली आणि मी कपड्यांसकट उडी मारली. ही गोष्ट मी गोंदियात शंभरदा सांगितली असेल. घाटावर बसून माशांच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया खात, थंडीने कुडकुडत आम्ही किती हसलो होतो!

केशोरीत पोचलो तेव्हा ऊन कलले होते. पाटील वाटच पाहत होते. "या मिस्त्री. पाहून घ्या अन् सांगून टाका. बाईमाणसाच्या घरात परका गडी राहून राहिला, गाव किती दिस आयकंन? तोच असन तं त्याची जमीन त्याले देऊ. नसन तं हाकलू."

सगुणाबाईच्या अंगणात एक माणूस सूप वळत बसला होता. दाढी पांढरी, पुढचे दात गेलेले, अंगावर हाडांखेरीज काही नाही. उंची सखारामचीच. खांदेही तसेच, पण उपाशी माणसांचे खांदे सगळे सारखेच दिसतात.

तो माझ्याकडे पाहून हसला. "मिस्त्री, तू काऊन एवढा लठ्ठ झाला?"

मी जवळ बसलो. तो बोलू लागला आणि मला रंगून दिसू लागले. आमची खोली, खाली राहणारी म्हातारी ब्रह्मी बाई, तिचा हिरवा चिरूट, गिरणीचा भोंगा, सारे त्याने बिनचूक सांगितले. पेगूचा देवही सांगितला. मग म्हणाला, "नावेतून तुही छत्री पडली अन् मी उडी मारलो. तू काठावर बसून रडत होता."

"मी उडी मारली होती," मी म्हणालो.

"नाई रे. मीच मारलो."

हा खोटे बोलत असेल तर खोट्याला इतके बारकावे कुठून सुचले? आणि खरे बोलत असेल तर इतकी वर्षे मी लोकांना काय सांगत होतो? नदीचे गार पाणी मला अंगावर आठवत होते, पण काठावर बसून पाहिल्याचेही आठवू लागले. कोणते आधीचे आणि कोणते आत्ताचे, काही कळेना.

सगुणाबाईने चहा आणला आणि ती दाराला टेकून उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती माझ्याकडे पाहत होती. तिच्यासाठी तरी काही विचारायला हवे होते.

"पायी आलास ना?" मी विचारले. "सोबत कोण होतं?"

"दोघं होतो." त्याचे हात सुपावर थांबले. "पाऊस होता. चिखल. लोक पडून राह्यले होते वाटेनं. त्याले ताप आला. पण बोलत होता. दिसभर बोलत होता. घराचं, बायकोचं, बोडीचं, तुहं... तो बोलला म्हणून मी चाललो. नाईतं मी बसलोच असतो."

"मग?"

"मंग तोच बसला. म्हणे, तू होय समोर, मी येतो. मी म्हटलो, उठ ना बाप्पा. नाई उठला. झाडालेच टेकून राह्यला."

"त्याचं नाव काय होतं?"

त्याने सुपाची एक काडी ओढून सरळ केली. "सखाराम," तो म्हणाला. मग त्याने दचकून वर पाहिले. माझ्याकडे, मग दाराकडे. "मंग मी कोण होय?"

सगुणाबाई आत गेली. थोड्या वेळाने तांदूळ निवडल्याचा आवाज येऊ लागला, एकसारखा. तो माणूस परत सूप वळू लागला, पण बोटे चुकत होती.

मी आत गेलो. तिचे डोळे कोरडे होते.

"मले ठाव होतं, भाऊजी," ती हळू म्हणाली. "बैल हाकलते तवा त्याच्या तोंडी आमचा शब्द येत नाई. छत्तीसगढी येते. पण त्याले हे घर कसं ठाव, तेच समजून नव्हतं राहिलं. म्हणून तुमाले बलावलं. आता समजलं. त्याईनंच वाटेनं सांगितलं याले." ती थांबली. "मरतानी घरचंच बोलत होते म्हणजे."

"पाटलांना काय सांगू?"

"धान कापून होऊ द्या. आज सांगान तं आजच हाकलतीन. हा कोठं जाईन? त्याले सोताचं नाव ठाव नाई."

पाटलांपुढे मी म्हणालो, "मला नीट ओळखता येत नाही." ते एका परीने खरेच होते.

"मंग एवढ्या दुरून कायले आले?" पाटील वैतागले आणि पानसुपारी न देताच उठले.

पुढचे मला बाजारकऱ्यांकडून कळले. कापणी झाल्यावर सगुणाबाईने स्वतः गावापुढे कुंकू पुसले आणि नवऱ्याचे दिवस केले. त्या माणसाला तिने हाकलू दिले नाही. तो गोठ्यात राहतो, गुरे राखतो. त्याचे नाव त्याला अजून आठवलेले नाही.

त्या वेळी परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. सौंदड आले, गेले. इतकी वर्षे रंगूनच्या त्या दिवसांचा मी एकटाच मालक आहे असे समजत होतो. आता ते दिवस केशोरीच्या एका अंगणात, दुसऱ्याच कुणाच्या तोंडी आहेत, आणि कदाचित माझ्यापेक्षा धड. याचे वाईट वाटावे की बरे, ते उमगत नव्हते.

घरी पोचलो तेव्हा बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, "तेच होते का?"

"नव्हता," मी म्हणालो. पायांवर पाणी ओतले आणि मग माझ्या तोंडून निघून गेले, "पण सखारामची भेट झाली."

तिने माझ्याकडे चमकून पाहिले. याहून नीट सांगणे मला तेव्हाही जमले नाही आणि आजही जमत नाही.